कॉलेजातला पहिला तास

धाकटा मुलगा शाळेच्या गाडीखाली गेला, त्या वर्षापासून अन्नपूर्णाने थोरल्या महामायाला घरीच शिकवलं. पोरगी हुशार निघाली. जुन्या लॅपटॉपवर ती स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकली आणि बाहेरून बारावी देऊन सोळाव्या वर्षीच बुलढाण्याच्या कॉलेजात दाखल झाली. पहिल्या दिवशी अन्नपूर्णा कॉम्प्युटर लॅबबाहेरच्या बाकावर बसून राहिली. तास संपायच्या आतच महामाया घामेजून बाहेर आली. “काऊन आली? प्रोग्रॅम जमला नाही का?” “सगळ्यांच्या आधी जमला. मंग पोरी जवळ आल्या, नाव विचारू लागल्या. मले बोलताच आलं नाही, आई. तशीच उठून बाहेर आली. मी नाही येत उद्या.” “चाल घरी,” अन्नपूर्णा एवढंच म्हणाली. अमडापूरच्या एसटीत लेक तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. लेक आता घरीच राहील म्हणून अन्नपूर्णाला मनातून बरं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय हे कळलं, तेव्हा तिला रडू आवरेना.