बावतीसने सोडलेली जागा

वसईच्या त्या घरात दुपारची जेवणं आटोपत होती, तेवढ्यात कपाटावरच्या गिटारच्या पेडलचा लाल दिवा लागला. नेटीबाईंच्या हातातलं ताट हातातच राहिलं.

"जेनी, धाव! तुझ्या पप्पांची गिटार येतेय!"

वाजवलेला सूर क्षणभराने परत ऐकवणारी डिले पेडलं बाजारात आधीपासून होतीच. जेनीच्या पप्पांनी, बावतीसने, शेवटच्या आजारपणात घेतलेलं हे पेडल मात्र कित्येक वर्षांनी ऐकवायचं, आणि तेही एकदाच. तेव्हा जेनी पाळण्यात होती.

स्पीकरमधून दोन सूर आले, मग शांतता. पुन्हा दोन सूर, पुन्हा शांतता.

नेटीबाईंनी ताट खाली ठेवलं. "हातच चालत नव्हते गं त्यांचे. लग्नांत पहाटेपर्यंत वाजवणारा माणूस, बघ कसा अडखळतोय."

जेनी कान देऊन ऐकत होती. ती स्वतः रोज डिले लावून वाजवायची. परत येणाऱ्या सुरासाठी जागा सोडायची सवय तिच्या बोटांत मुरली होती.

"अडखळत नाहीत, आई. जागा सोडतायत."

तिने भिंतीवरची गिटार उतरवली आणि पुढच्या शांततेत आपले दोन सूर घातले. गाणं पुरं होऊ लागलं. शेवटच्या ओळीला मात्र तिचे डोळे भरले, बोटं थांबली आणि ती जागा रिकामीच गेली.

स्पीकरमध्ये कुणीतरी खोकलं. मग बावतीसचा आवाज आला, "घाई नको, बाय. मी थांबतो."

आणि त्याने शेवटची ओळ पुन्हा वाजवली, जरा सावकाश.