ओलं कातडं

सुनेने सासूला आंघोळ घालून खाटेवर बसवलं आणि टॉवेलने खसाखसा पुसलं. अंगावर थेंब ठेवला नाही. वर दहा मिनिटं पंख्याखाली वाळवलं. मगच क्रीमची डबी उघडली.

म्हातारीच्या नडग्यांवर खवल्यांसारखी पांढरी साल सुटली होती. खाजवून खाजवून जागोजाग रक्ताच्या रेघा. क्रीम त्यावर चुन्यासारखं पसरलं नि तसंच वर राहिलं. नखं पुन्हा चालू झाली.

"आई, हात!" सुनेने कपाटातून जाड कापडाच्या दोन पिशव्या काढल्या. मनगटाशी आवळायला त्यांना नाड्या होत्या. "आता खाजवलंत तर ह्या पिशव्या हातांवर बांधणार. चादरींवरचे डाग धुऊन माझा जीव गेला."

"बांधायला मी काय वेडी झालेय?" म्हातारी म्हणाली. पण हात थांबेना.

दारात म्हातारा उभा होता. उभं आयुष्य त्याने घोड्यांची खोगिरं शिवली होती. दोनदा घसा खाकरून तो म्हणाला, "सूनबाई, अंग ओलसर असतानाच लावलं तर... कोरड्या कातड्यात तेल शिरत नाही. आम्ही कातडं आधी भिजवून घ्यायचो."

"बाबा, आई माणूस आहे, खोगीर नाही." सून हसली. "दुकानात रोज पन्नास बायकांना मी क्रीम विकते. तुमचं गिऱ्हाईक चार पायांचं!"

"त्यांचं कुठे मनावर घेतेस?" म्हातारी म्हणाली. "त्यांची अक्कल कायम तबेल्यात बांधलेली."

सुनेचा फोन वाजला. बोलत बोलत ती बाहेर गेली.

म्हाताऱ्याने फडकं कोमट पाण्यात भिजवलं, बायकोच्या डाव्या नडगीवर धरलं, पाणी नुसतं टिपून घेतलं आणि त्या ओलीवरच क्रीम चोळलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बोटं सरावाने उतरत गेली. साल मऊ पडली.

सून परतली तेव्हा म्हातारी फक्त उजवा पाय खाजवत होती.

"बघा, एका पायाला आला ना गुण! महागाचं ते महागाचंच. दुसऱ्याला येईल उशिरा." पिशव्या खाटेवर टाकून ती स्वयंपाकघरात गेली.

म्हाताऱ्याने जरा हसून बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती, ताटाखालून निघालेल्या झुरळाकडे बघावं तशी.

"म्हणजे तुम्हाला येत होतं."

"अगं, साधीच तर गोष्ट..."

"दर थंडीत माझ्या टाचा फुटायच्या. लादीवर रक्ताचे ठसे उमटायचे. ते ओलांडून कामाला जायचात तुम्ही." तिने उजवा पाय त्याच्या मांडीवर आदळला. "ते काय कातडं नव्हतं?"

म्हातारा फडकं पिळू लागला. पाणी केव्हाच निथळून गेलं, तरी पिळतच राहिला.