फिरकीचा तांब्या

मुलगा बंडू लढाईत बेपत्ता असल्याची तार येऊन वर्ष लोटलं, लढाईही संपली. शेवटी विष्णुपंतांनी जबलपूरच्या कारखान्यातून बिनपगारी रजा काढली आणि लष्कराच्या मोडीतली जीप मिळवून ते बंडूची पलटण लढली त्या ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्याने एकटेच निघाले. एका अंगाला घनदाट जंगल, दुसऱ्या अंगाला समुद्र. वाळू दिसली की उतरायचं आणि लाटांनी आणून टाकलेले बूट, फळ्या, डबे उलथेपालथे करायचे.

अकराव्या दिवशी फिरकीचा पितळी तांब्या हाती लागला. बंडू निघाला तेव्हा आईने दिला होता, अगदी तस्साच. विष्णुपंतांनी वाळू पुसून त्यावर घातलेलं नाव वाचलं: 'नीलकंठ, सिहोरा'. बंडूचा पलटणीतला जोडीदार!

"माझा नाही रे देवा, माझा नाही," म्हणत ते वाळूतच बसून रडले. मग त्या आनंदाचीच त्यांना लाज वाटली.

परतल्यावर तो तांब्या पोचवायला ते जड पावलांनी सिहोऱ्याला गेले. दार उघडलं ते कुबड्या घेतलेल्या नीलकंठानेच. विष्णुपंतांनी पुढे केलेला तांब्या त्याने उलटसुलट करून पाहिला.



"काकाजी, हा तर बंडूजवळ होता! मला जखमी म्हणून जहाजावर चढवलं ना, त्या घाईत आमचे तांबे बदलले."