उजवा कौल

जहाजावर नोकरीला असलेल्या गौरेशने आईबाबांना मेक्सिकोला बोलावलं. समुद्रात डोकं घालून प्रवाळांतले मासे बघायचे, जंगल फिरायचं, माया लोकांची पडकी देवळं पाहायची. पण पेडण्याच्या घरात देवापुढचा दिवा कधी चुकला नव्हता, म्हणजे दोघांपैकी एकानं मागं राहणं आलं. कोणी, ते सगुणरावांनी लगेच ठरवून टाकलं.

"तुझं तिथं काय काम गो? मासे नुसते बघायचे, खायचे नाहीत. आणि त्या देवळांना ही उभी चढण. तुझे गुडघे!"

"ते खरंच," विमलाताई म्हणाल्या. "पण एवढ्या लांबचं जाणं. ग्रामदेवाचा कौल घ्यायला हवा."

"तूच जाऊन घे. देव मला नाही म्हणायचा नाही." सगुणरावांनी पाण्यातला चष्मा चढवला, तोंडात नळी धरली आणि सरावासाठी बादलीत डोकं घातलं.

विमलाताई देवळातून परतल्या त्या हसतच. "मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजव्या बाजूची पडली. देवाचा होकार!"

"मी सांगितलं नव्हतं?" सगुणराव गळत्या मिशांनी म्हणाले.

विमलाताईंनी त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला, पदरानं पुसला आणि आरशासमोर स्वतःला लावून पाहिला.

"मी देवाला एवढंच विचारलं," त्या म्हणाल्या, "मी परत येईपर्यंत दिवा ह्यांच्यावर सोडला, तर चालेल का?"