टॉवेलाची खूण

जालिंदरनं राघूचा उजवा पंजा टेम्पोच्या फळकुटावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातातली काठी हाणली. दोन बोटं कडकन मोडली. बेल्ह्याचा अख्खा बैलबाजार गोळा होऊन बघत होता. राघू अंगानं जालिंदरच्या दीडपट. मनात आणलं असतं तर त्यानं काठीसकट जालिंदरला उचलून आपटलं असतं. पण त्यानं हात मागं घेतला नाही. खाई त्याला खवखवे, असं चार माणसं बोललीही.

"म्या खूण केली व्हती, जालू," राघू एवढंच म्हणाला.

"माझा भाऊ खाल्लास तू!" जालिंदर ओरडला आणि काठी पुन्हा खाली आली.

बारा वर्षं दोघं भागीत बैलांचा धंदा करत होते. जालिंदर रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवायचा. राघू त्याच्या डाव्या अंगाला चार पावलं लांब उभा राहून बैल न्याहाळायचा. रुमालाखाली सौदा चालू असताना तिसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा बाजाराचा धर्म. म्हणून बैलात खोट दिसली की राघू खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घ्यायचा. लगेच जालिंदर हात सोडून द्यायचा. बारा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

त्या महिन्यात घेतलेला तांबडा बैल मारका निघाला. तिसऱ्याच दिवशी त्यानं जालिंदरच्या धाकट्या भावाच्या, भागूच्या पोटात शिंग घातलं आणि त्याला गोठ्याच्या भिंतीला रेटून धरलं. भागू जीपमध्ये स्वतःचं पोट हातांनी धरून बसला होता. नारायणगावचा दवाखाना यायच्या आत गेला.

राघूची बोटं मोडूनही जालिंदर शांत झाला नाही. उलट पिसाळला. डावीकडून कुणाचा धक्का लागला की मुस्काटात देऊन मोकळा व्हायचा. डाव्या हाताला ठेवलेला तांब्या, ताट, सगळं लाथेनं उडायचं. त्याची बायको साळुबाई आठ महिने जमिनीवरच्या भाकरी गोळा करत राहिली. मग एका दुपारी तिच्या मनात काही आलं. बाजारात बैलाचा डोळा तपासतात तसा तिनं त्याच्या डाव्या डोळ्याशेजारून झर्रकन हात नेला. त्याची पापणीही हलली नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आत काळी गाठ दाखवली. "कॅन्सर आहे. पण डोळा काढायला नको. किरणांची छोटी चकती डोळ्याला मागून शिवू, चार दिवसांनी काढू. गाठ तिथल्या तिथे जळेल. गेलेली नजर मात्र परत यायची नाही."

"कवाची गाठ हाय ही?" जालिंदरनं विचारलं.

"वर्ष तर नक्की झालंय. डाव्या कडेचं तुम्हाला तेव्हापासूनच दिसत नसणार."

जालिंदरनं मनाशी महिने मोजले. मग पलंगाच्या लोखंडी दांडीवर त्यानं कपाळ आपटून घेतलं. एकदा, दोनदा. दोन वॉर्डबॉयनी त्याला ओढून धरलं तेव्हा उशी रक्तानं भिजली होती. "राघूला बोलवा," तो रडत म्हणाला.

चकती शिवल्याच्या तिसऱ्या दिवशी राघू आला. किरणांमुळं जवळ जाऊ नका, असं नर्सनं बजावल्यावर तो दारातच थांबला. जालिंदरनं पट्टी बांधलेलं तोंड पुरतं वळवलं, तेव्हा कुठं त्याला ती न मिटणारी दोन बोटं दिसली.

"राघू, त्या दिशी टॉवेल..."

"दोन डाव घेतला डोक्यावर."

"आन् मी तुझा हात मोडला! तू लांडग्यावानी फाडायचं व्हतंस मला. हात का न्हाई काढलास?"

राघूनं चौकट धरली.

"दोन डाव खूण करूनबी तू सौदा सोडंना," तो म्हणाला. "मंग वरडायचं व्हतं म्या. बाजाराचा धर्म पाळीत गप ऱ्हायलो, आन् आपला भागू गेला. म्हणून न्हाई काढला."