ड्यूटी संपलेली नाही

बाबांचा पोलीस मुलगा महिन्यापूर्वी नाकाबंदीवर ट्रकखाली गेला. तेव्हापासून ते त्याच्या लहानपणचा, हुकूम टाइप करून खेळायचा पोलिसांचा खेळ संगणकावर लावून बसत. खेळातला पोलीसही चौकीबाहेर पडला की कुठेतरी मरतच होता. “बाबा, अहो, खेळच तो,” सून म्हणाली. “एकदा तरी याला जिवंत घरी आणू दे गं.” “घरी जा,” त्यांनी टाइप केलं. “ड्यूटी संपलेली नाही,” पडद्यावर उमटलं. “रजा माग.” “समजलं नाही.” “तुला कसं समजणार मेल्या, तुला कुठं पोरंबाळं आहेत!” त्यांनी डाव पुन्हा मांडला. पोलीस चौकीत वर्दी घालून उभा राहिला. बाबांनी हात मागे घेतले; कळ दाबेपर्यंत तो हलणार नव्हता. “चला, दोन घास खाऊन घ्या.” “मी उठलो आणि कुणी कळ दाबली तर?” सुनेने कीबोर्डची वायरच उपटली. “आता कोण ड्यूटीवर पाठवतंय ह्यांना!”