डोनटची जाड बाजू

आज निसारभाई पहाटेच्या नमाजला मशिदीत गेलेच नाहीत. घरीच नमाज पढले आणि बेकरीत येऊन स्टुलावर बसले. समोरच्या ट्रेमध्ये त्यांनीच मघाशी वळलेले कच्चे डोनट होते. ते बघून त्यांची लेक शाझिया दारातच थबकली.

निसारभाईंचा डोनट कळवणात कुणीही शंभरात ओळखेल. त्याचं भोक मधोमध नसतं, कडेला सरकलेलं असतं. त्यामुळे एक बाजू जाड, एक बारीक. त्या जाड बाजूवरून घरोघरी भावंडांची भांडणं होतात. लोकांना वाटतं, ही निसारभाईंची खासियत. खरं तर तरुणपणी त्यांचा अंगठा मैदा मळायच्या मशिनमध्ये सापडला होता. तो वाकडा झाला तो झालाच. गोळ्यात भोक पाडतानाही वाकडाच जातो. लोकांना काय, चव लागली की झालं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला. निम्मे डोनट फाटायचे. पण हे त्यांना सांगणार कोण? टोस्ट आणि खारी त्यांनी कारागिरांवर सोडली होती, डोनटला मात्र दुसऱ्याने हात लावलेला खपत नसे. मग ते मशिदीत गेले की शाझिया फाटलेले गोळा करून पुन्हा वळायची. भोक पाडताना स्वतःचा धडधाकट अंगठा मुद्दाम वाकडा करायची. पहिले पंधरा दिवस तो सुजला होता. नंतर सवय झाली. अब्बांना कळलं तर ते डोनटच बंद करतील आणि मग मनातून खचतील, ही तिला धास्ती होती. ते तिला बघवलं नसतं.

कालच डोंगरातल्या गावाहून बाजाराला आलेला देवराम दुकानात म्हणाला होता, "तीस वर्सं झाली निसारभाय, तुमचा हात काय बदलला नाय!" निसारभाई नुसते हसले होते.

"अब्बा, तेल तापेपर्यंत जरा पडा ना," शाझिया म्हणाली.

ते हलले नाहीत. "मी फाटके ठेवून नमाजला जातो, आल्यावर बघतो तर सगळे धड. रोज फरिश्ते येतात का वळायला?"

शाझियाची मान खाली गेली. संपलं सगळं, तिला वाटलं.

"कर. बघू दे मला."

तिने एक फाटका डोनट उचलून त्याचा गोळा केला. डोळे भरले होते, तरी हात चुकला नाही. अंगठा वाकडा करून तिने भोक पाडलं. बरोबर कडेला, हुबेहूब त्यांच्यासारखं.

निसारभाई उठले. थरथरत्या हाताने त्यांनी तिचा अंगठा धरला आणि हळूच सरळ केला.

"मधोमध पाड, बेटा. अंगठा माझा मोडलाय, तुझा नाही."